लग्न न झाल्याचा दाखला

सत्ताविसाव्या वर्षी माझं लग्न झालं, आणि ते मला पासपोर्ट ऑफिसच्या पत्रातून कळलं. चार ओळींचं इंग्रजी पत्र, खाली कुणाची तरी घाईतली सही. पोलिस चौकशीत असं आढळलं आहे की अर्जदार विवाहित असून दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, सबब अर्ज थांबवण्यात येत आहे. आईने ते पत्र बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. घाटकोपरच्या डोंगरावर आमची एकच खोली, खालून सत्तर पायऱ्या चढून यायचं. मी कामावरून दमून आलेली, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. पत्र तीनदा वाचलं आणि आईला विचारलं, माझं लग्न कधी झालं गं? आई म्हणाली, आधी चपला काढ.

आज हसू येतं. तेव्हा मात्र हसायची सोय नव्हती. चार आठवड्यांनी मद्रासहून मलेशियातल्या पेनांगची बोट सुटणार होती आणि तिच्यावर माझी जागा होती. माझी आणि माझ्या मैत्रिणीची. ती नर्स, मानखुर्दला राहायची, तिचे आईवडील मूळचे बुलढाण्याकडचे. आमची ओळख डोंगरांवर झालेली. दर रविवारी सह्याद्रीतला एखादा किल्ला चढणाऱ्या एका गटात आम्ही दोघीच मुली होतो, त्यामुळे मैत्री न होऊन सांगते कुणाला! तिच्या वॉर्डातली एक मल्याळी नर्स त्या बोटीने भावाकडे पेनांगला जाऊन आली होती. तिने सांगितलं, डेकवर झोपायचं, सहा-सात दिवसांत पलीकडे. तिथून रेल्वेने वर सयामपर्यंत, म्हणजे थायलंडपर्यंत, जाता येतं, आणि सॅक पाठीला लावून फिरणाऱ्या परदेशी पोरी तिथे पैशाला पासरी. मैत्रीण म्हणाली, त्यांना जमतं तर आपल्याला काय धाड भरलीय? तीन वर्षं आम्ही त्या एका वाक्यावर काढली.

तयारी सगळी तिच्या घरी चालायची. कुर्ल्याला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडून दोन सॅका शिवून घेतल्या. त्याने आयुष्यात सॅक शिवली नव्हती. आम्ही गटातली एक जुनी सॅक नेऊन दाखवली, तर म्हणाला, बाई, हे तर गाढवाचं खोगीर आहे. पट्टे मात्र असे शिवले की आतमध्ये माणूस बसवून नेता आला असता. मग सॅकमध्ये विटा भरून मानखुर्दहून देवनारपर्यंत चालायचा सराव. कचऱ्याच्या गाड्या शेजारून जायच्या, वासाने नाक धरावं तर हात मोकळा नाही. लोक विचारायचे, विटा कुठे पोचवायच्यात? आम्ही म्हणायचो, सयामला.

हे सगळं तिच्या घरी, कारण माझ्या घरी बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. इथेच माझं चुकलं. आईला मी सांगितलं होतं. आई म्हणाली होती, ह्यांना मी वेळ बघून सांगते, तू तोंड उघडू नकोस. आणि ती वेळ काही केल्या येत नव्हती. बाबा गिरणीत विणकर होते. संपाला दोन वर्षं होत आली होती. गेट पुन्हा उघडलं होतं, पण आत घ्यायच्या आधी एका हमीपत्रावर सही मागत होते. संप ही माझी चूक होती, यापुढे मी सभेला-मोर्चाला जाणार नाही, असला मजकूर. पुष्कळांनी मान खाली घालून सही केली आणि कामावर गेले. बाबांनी केली नाही. त्याआधी एकदा पोलिसांनी त्यांना मोर्चातून उचलून नेलं होतं, तिथेही तसाच कागद पुढे केला होता. सही कर आणि घरी जा, म्हणाले. बाबा तीन दिवस आत बसले, सही केली नाही. चाळीत त्यांना मान होता तो तेवढ्या एका गोष्टीसाठी. बाकी ते दिवसभर दारापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि आम्ही सगळे त्यांना वळसा घालून जगायचो.

मला त्या खोलीतून पळायचं होतं. लिहायला वाईट वाटतं, पण खरं आहे. दादाची नोकरी होती, घर चालत होतं, मी चेंबूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुवत आणि आकडे लिहीत होते. वर्षातून तीन-चारदा मला दाखवण्याचा कार्यक्रम व्हायचा. कधी ना कधी कोणीतरी हो म्हणणार आणि मी या खोलीतून उठून तसल्याच दुसऱ्या खोलीत जाणार. त्याआधी चार महिने, फक्त चार महिने, मला कुणाची मुलगी-बिलगी न राहता चालून बघायचं होतं. साहेबाने बिनपगारी रजा दिली होती, परत आल्यावर जागा असेलच असं नाही, असं बजावून. मी म्हटलं, नसू दे.

पत्र घेऊन मी दुसऱ्या दिवशी पासपोर्ट ऑफिसात गेले. दोन तासांनी खिडकीशी नंबर लागला. कारकुनाने फाईल काढली आणि पोलिसांचा शेरा मला वाचून दाखवला. अर्जदाराच्या वडिलांनी समक्ष सांगितलं की मुलीचं लग्न होऊन ती देवगडला सासरी असते. नवरा शिक्षक. मी म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे. तो म्हणाला, घोटाळा तुमच्या घरी आहे बाई, आमच्याकडे नाही. नवऱ्याचं संमतिपत्र आणा. मी म्हटलं, नवरा असेल तर आणू ना! मग त्याने चष्मा वर केला आणि जरा माणसासारखं बोलला. म्हणाला, असं करा, वडिलांना चौकीवर जाऊन लिहून द्यायला सांगा की चुकीची माहिती दिली. नवा रिपोर्ट आला की लगेच काम होईल.

घरी आले तेव्हा बाबा खुर्चीवरच होते. मी सरळ विचारलं, पोलिस आला होता का? ते चक्क हसले. दोन वर्षांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

"इलो होतो एक, साध्या कपड्यात. पण बूट पोलिसाचे. माका काय कळना नाय? तुझा नाव घेवन इचारूक लागलो. मी सांगलंय, चेडवाचा लगीन झाला, देवगडाक दिला."

चाळीचा नियमच होता तो, आणि बाबांनीच घालून दिलेला. संपाच्या दिवसांत खाकी डोंगर चढताना दिसली की कोणी कोणाला ओळखत नसे. अमका? तो गावाला गेला. तमका? नाव नाही ऐकलं कधी. त्या नियमाने कितीतरी माणसं वाचली होती. आणि इथे तर पोलिस पोरीचं नाव घेऊन दारात आलेला. बाबांनी तिला पार देवगडला पोचवलं, वर नवरा मास्तर दिला, म्हणजे तिच्या नादाला कोणी लागू नये. घरात कोणाला बोलले नाहीत, आम्ही घाबरू म्हणून. मैत्रिणीच्या घरीही असाच पोलिस गेला होता. तिच्या वडिलांना सगळं माहीत होतं, त्यांनी त्याला चहा पाजला, मुलीची प्रशस्तिपत्रकं दाखवली आणि रस्त्यापर्यंत सोडायला गेले. तिचा पासपोर्ट केव्हाच आला होता.

माझं डोकं फिरलं. तीन वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते सगळं एका दमात बाहेर आलं. बोट, पेनांग, चार महिने, सॅक, रजा. बाबा ऐकत राहिले. आईने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. मी सांगितलं, चौकीवर चला आणि खोटं बोललो म्हणून लिहून द्या. ते म्हणाले, पोलिसाच्या दारात मी परत पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, माझ्यासाठी पण? तेव्हा मी जे बोलले ते आईने पुढे कित्येक वर्षं मला ऐकवलं, आणि तिचं काही चूक नव्हतं.

"तुमच्या संपापायी तुमचं गेलं. आता माझंही घालवा."

बाबा उठून बाहेर गेले. नंतर आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

ते आठ दिवस मी वेड्यासारखी धावले. रेशनकार्डावर माझं नाव होतं, ते घेऊन गेले. कारकून म्हणाला, नाव काय, लग्नानंतरही लोक काढत नाहीत, साखर मिळते. कारखान्याचं पत्र नेलं. त्यात मी नोकरीला असल्याचं होतं, कुमारिका असल्याचं नव्हतं. नगरसेवकाच्या ऑफिसात गेले, तिथल्या माणसाने चांगल्या वर्तणुकीचा दाखला हातावर ठेवला. मी म्हटलं, वर्तणूक राहू दे हो, लग्न झालेलं नाही एवढं लिहा. तो म्हणाला, असा फॉर्मच नसतो. लग्न झाल्याचा दाखला मिळतो, मेल्याचा मिळतो, न झाल्याचा मिळत नाही. एक वकील प्रतिज्ञापत्र करून द्यायला तयार झाला, ते पासपोर्टच्या खिडकीतून जसंच्या तसं परत आलं. पोलिस रिपोर्टपुढे हे चालत नाही, म्हणाले. शेजारच्या काकूंनी सुचवलं की त्यापेक्षा खरंच लग्न कर, नवऱ्याची सही घे आणि जा. त्या चेष्टा करत नव्हत्या.

मी लॅबमध्ये आकडे चुकीचे लिहायला लागले. जेवण जाईना. बसमध्ये उभ्याउभ्या रडू यायचं आणि लोक जागा द्यायचे, त्याने आणखीनच रडू यायचं. मैत्रीण एका संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर आली. म्हणाली, हे बघ, तू नाही तर मला घरचे एकटीला सोडणार नाहीत, आणि सोडलं तरी मी जाणार नाही. मी तिच्यावरच खेकसले, तुझं काय गं, तुझा बाप तुला पोचवायला मद्रासपर्यंत येईल. तिने पर्समधून केळं काढून मला दिलं आणि मी खाईपर्यंत उभी राहिली. बोटीला अठरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. अर्ध्या दिवसाने दुपारी घरी आले तर खुर्ची रिकामी. आई नळावर गेली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुझे बाबा सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून उतरले, चौकीच्या अंगाला वळताना पोरांनी बघितले. मी आल्या पावली खाली धावले.

बाबा चौकीत बाकड्यावर बसले होते. सकाळपासून बसवून ठेवलं होतं. कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी दारात पोचले त्याच सुमाराला साहेबाने त्यांना टेबलापाशी बोलावलं. मला कोणी आत घेतलं नाही, मीही गेले नाही. त्यांनी आधीच लिहून दिलं होतं की मुलगी अविवाहित आहे, मी भीतीपोटी खोटं सांगितलं. एवढ्यावर काम व्हायला हवं होतं. पण साहेबाने जुनी फाईल मागवली होती. म्हणाला, पोलिसाला खोटी माहिती दिलीस म्हणून मी तुला आत टाकू शकतो. मागच्या वेळी सही न करता गेलास ना? ती आज कर, मुलीचा रिपोर्ट मी सोमवारी पाठवतो. माझ्या बाबांना, पंचावन्न वर्षांच्या माणसाला, अरे-तुरे करत होता. मग त्याने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला, बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. संपात सामील होणं ही माझी चूक होती. मी कोणत्याही सभेत, मोर्चात भाग घेणार नाही. माझी वर्तणूक चांगली राहील.

बाबांनी कागद हातात घेतला. वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग त्यांनी मान वर केली आणि दाराकडे पाहिलं.

मला सगळं कळत होतं. ज्या सहीसाठी तीन दिवस आत राहिले, नोकरी गेली तरी चालेल म्हणाले, ती सही आज माझ्यासाठी करायची वेळ आली होती, आणि ते माझ्याकडे बघत होते. दोन पावलं पुढे जाऊन हात धरायचा होता. चला बाबा, नको, एवढंच म्हणायचं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सतरा दिवस. सोमवारी रिपोर्ट गेला तर आठवड्यात पासपोर्ट, वर व्हिसाला पुरेसे दिवस. खरंच सांगते, मी तो हिशेब केला. तो संपवून नजर खाली आणली तेव्हा बाबा सही करत होते. सावकाश, पूर्ण नाव, आडनावासकट.

संध्याकाळी चाळीतले संपकरी नेहमीप्रमाणे पिंपळाखाली जमले, तिथे बाबा स्वतः गेले आणि सांगून आले की आज आपण सही केली. कशासाठी ते सांगितलं नाही. एक म्हातारा विणकर, बाबांच्या शेजारच्या मागावर वीस वर्षं काम केलेला, उठून निघून गेला. त्यानंतर बाबांना पिंपळाखाली कोणी बोलावलं नाही. आई म्हणाली, आता सही केलीच आहे तर गिरणीत तरी जा. बाबा म्हणाले, ती त्याच्यासाठी केलेली नाही. आणि गेले नाहीत, कधीच गेले नाहीत.

पासपोर्ट दहाव्या दिवशी आला. मी तो उशाखाली घेऊन झोपले. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू! व्हिसाचं कामही धावपळीत झालं. सॅक आता घरी आणायला हरकत नव्हती. बाबांनी ती जमिनीवर आडवी घातली, ताडपत्री दोन बोटांत धरून बघितली, वीण उलटसुलट केली. कापड चांगलं आहे म्हणाले, शिवण एका ठिकाणी कच्ची आहे. दाभण मागून आणलं आणि ती शिवण स्वतः पक्की करून दिली. मला वाटलं, चला, राग गेला. तेवढं मला पुरेसं होतं, मी पुढे काही विचारलं नाही.

दादरला मद्रासच्या गाडीवर पोचवायला दोन्ही घरं आली होती. मैत्रिणीच्या वडिलांनी सगळ्यांसाठी केळी आणि बिस्किटं घेतली होती, तिची आई डोळे पुसत होती, माझी आई लाडवांचा डबा कुठे ठेवलाय ते चौथ्यांदा सांगत होती. माझी सॅक बाबांनी पाठीवर घेतली होती, कोणाला देईनात. डब्यात चढून त्यांनी ती वरच्या फळीवर ठेवली, पट्टा गजाला बांधला, पुन्हा ओढून पाहिला. खाली उतरले आणि खिडकीशी आले. गाडी सुटायला दोन-तीन मिनिटं होती. मी म्हटलं, बाबा, पत्र पाठवीन. त्यांनी मान हलवली. इकडेतिकडे पाहिलं, बाकीचे मैत्रिणीशी बोलत होते. मग गजाला धरून हळू आवाजात म्हणाले,

"त्या दिवशी तू दारात उभी होतंस. मी बघितलंय तुका."

मी फळीवरच्या सॅककडे बघितलं.

"सही मी केलीच असती गो. पण तू एकदा तरी 'नको बाबा' म्हणाक होया होता."

रागाने नाही बोलले. राग असता तर मी भांडले असते, मला ते येतं. शिट्टी झाली, आईने खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावरून फिरवला, बाबा दोन पावलं मागे सरले आणि गाडी हलली. मैत्रीण म्हणाली, अगं, निघालो आपण, खरंच निघालो. कल्याण गेलं तरी मी खिडकीकडेच तोंड करून बसले होते. मी चार महिने फिरले, पेनांग बघितलं, सयाम बघितलं, मजेत फिरले. दर आठवड्याला घरी पत्र लिहिलं आणि एकाही पत्रात ती गोष्ट काढली नाही. काय लिहिणार होते? त्या दिवशी मला सुचलं नाही, असं लिहिता आलं असतं. पण सुचलं होतं. मला ती सही हवी होती, आणि बाबांना ते कळलं होतं.